न विचारता दिलेला फोटो

माझ्या लेकीचा फोटो पाच वर्षं इथे परदेशात, यिशुनच्या पोहण्याच्या तलावाच्या कुंपणावर लटकत होता. तो लावायला हो मी म्हटलं होतं, आणि हे तिला माहीत नव्हतं. तिच्या बाबांनाही नव्हतं.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. यांच्या शिपयार्डात काम कमी झालं होतं, ओव्हरटाइम बंद होता. घरभाडं, शाळेची फी, आणि वर पोहण्याच्या शिकवणीची फी. हे एक दिवस जेवताना म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पोहणं थांबवू. शाळेत शिकवतात तेवढं पुरे." लेक ताटातला भात तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तलावावर गेले. सरांना सांगायचं होतं की उद्यापासून ती येणार नाही. सर चिनी, वयाने माझ्याहून मोठे. तरी इथल्या रीतीप्रमाणे मला आंटी म्हणायचे. मी घरून इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करून गेले होते, पण त्यांच्यासमोर मला एवढंच म्हणता आलं, "फी... प्रॉब्लेम." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. लेक पलीकडच्या टोकाला पोहत होती. मग ते सावकाश, मला समजेल असं बोलले. "आंटी, फी नको. मी तिचा फोटो बॅनरवर लावतो, पत्रकावर छापतो. तुमची फी माफ. कॅन?"

कॅन म्हणजे चालेल, जमेल. इंग्रजीतला तो एकच शब्द मला न अडखळता म्हणता यायचा. भाजीवाल्याकडे, बसमध्ये, दवाखान्यात मी तोच वापरून दिवस काढले आहेत. मी म्हटलं, "कॅन." आणि मान हलवली.

घरी मी सांगितलं की तिला मेडल मिळालं म्हणून सरांनी फी माफ केली. हे खूश झाले. लेक तर नाचलीच.

पंधरा दिवसांनी बॅनर लागला. टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल, उघडे दंड, हसताना दिसणारे पुढचे दोन दात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फ्री ट्रायल, म्हणजे पहिला धडा फुकट. तसाच फोटो आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी आला आणि पुढे सरांच्या मिनीबसच्या मागेही. तिच्या वर्गातली मुलं तिला "फ्री ट्रायल" म्हणायला लागली. "ए फ्री ट्रायल, इकडे ये लाह!" वाक्याच्या शेवटी लाह लावायची इथली सवय. ती शाळेतून आली की बॅग आपटायची. एकदा तिने मला विचारलं, "आई, सरांना हू टोल्ड? कुणी हो म्हटलं?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, "मला काय माहीत."

त्या वर्षी टॅम्पिनीस भागात एका मराठी घरी गणपतीला गेलो होतो. आरती झाल्यावर प्रसाद वाटताना एक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, लेकीचा फोटो बसवर पाहिला हो! आम्ही म्हटलं, आत्तापासूनच स्थळं बघायला काढली की काय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. हातातली वाटी खाली ठेवायची मात्र विसरले.

त्यांनी थट्टाच केली होती. पण आमच्याकडे मुलीचा फोटो घराबाहेर गेला तर तो स्थळासाठीच जायचा, हे मला कुणी सांगायला नको. माझाही गेला होता. आमच्या खाडीकाठच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, म्हणून मी घरी राहिले. अठरा वर्षांची झाल्यावर काकांनी मला चिपळूणला फोटो काढायला नेलं. चुलतबहिणीची निळी साडी, मागे रंगवलेला धबधबा. पाच प्रती काढल्या. त्या कुणाकुणाच्या खिशातून, पिशवीतून कुठे कुठे गेल्या ते मला कधी कळलं नाही. दोन परत आल्या. एकीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट होतं. दुसरीच्या मागे कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, रंग सावळा. एक यांच्या घरी राहिली. उरलेल्या दोन अजून कुणाच्या तरी कपाटात असतील. कुठल्या तरी परक्या घरात कागदाखाली मी पडून आहे, असं मला अजून कधीकधी वाटतं. तो फोटो द्यायचा का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

तेरा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत मी तेच केलं. फरक एवढाच की माझे काका निदान चोरून करत नव्हते.

यंदा अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिला पोहण्यासाठी बोलावलं. फी तेच भरणार, राहणं-खाणंही तेच बघणार. तिथल्या प्रशिक्षक बाई व्हिडिओवर बोलल्या. मी पडद्यात दिसू नये म्हणून फ्रिजपाशी उभी होते. हे मला मधूनमधून मराठीत सांगत होते. तिकडे कॉलेजात खेळणाऱ्या मुलांना आता नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे मिळतात. कंपन्या देतात. पूर्वी असं घ्यायला बंदी होती, आता मोकळीक आहे. त्यांच्या संघातल्या एका मुलीचा चेहरा दह्याच्या डब्यावर आहे. एक मुलगी नुसत्या टॉवेलच्या फोटोंवर गाडी घेऊन बसली आहे.

"बाबा, बघा! नुसत्या टॉवेलवर!" लेक हसत होती.

पण त्या बाईंनी पुढे स्पष्ट सांगितलं, ही सोय तिच्यासाठी नाही. परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलीने असा पैसा घेतला तर व्हिसा अडचणीत येतो. म्हणून आधी एक फॉर्म भरून द्यायचा. त्यात सगळं खरं लिहायचं, कारण खोटं सापडलं तर जागा जाते.

शनिवारी सकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी फॉर्म भरायला बसली. मी पोहे करत होते. हे एकेक प्रश्न वाचायचे, अर्थ सांगायचे, ती खूण करायची. एका प्रश्नाशी हे थांबले. "तुम्ही, किंवा तुमच्या वतीने कुणी, तुमचं नाव किंवा फोटो वापरू देऊन पैसे, वस्तू किंवा सवलत घेतली आहे का?"

"नो," लेक म्हणाली.

"नाही," हेही म्हणाले आणि पुढचा प्रश्न वाचायला लागले.

मी गॅस बंद केला. माझ्या मनात आलं, कोण सांगणार आहे? सर तर तिकडे फोन करायचे नाहीत. मी गप्प बसले तर ती जाईल. बोलले तर कदाचित जाणार नाही, आणि ते माझ्यामुळे. पण खाली सही तिची होती. माझ्या खोट्याखाली तिचं नाव जाणार होतं.

"तिथे हो लिही," मी म्हटलं.

हे वळले. "काय गं?"

"त्या बॅनरची गोष्ट. फी मेडलसाठी माफ नव्हती केली. फोटोसाठी केली होती. मला विचारलं होतं. मी कॅन म्हटलं."

मग लेक म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, आई. तू म्हणालीस, मला काय माहीत."

"हो."

"पाच वर्षं मला फ्री ट्रायल म्हणत होते. फाइव्ह इयर्स, आई."

"तुझं पोहणं बंद होणार होतं गं."

"मग मला सांगायचंस! मीच हो म्हटलं असतं. पण फोटो माझा होता ना?"

ती खोलीत निघून गेली. हे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मी पोहणं बंद करायला निघालो होतो, हे मी विसरूनच गेलो होतो." आणि गार झालेले पोहे खात बसले.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चप्पल घालत म्हणाली, "चल, सरांकडून लेटर घ्यायचंय. तू पण ये. तूच हो म्हटलंस." तलावापर्यंत आम्ही चालत गेलो. ती दोन पावलं पुढे होती.

सरांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आंटी, मला वाटलं तिला माहीत आहे." ते खरंच ओशाळले. किती महिने फी घेतली नाही आणि बदल्यात काय वापरलं, ते सगळं त्यांनी लिहून दिलं. मग जरा चाचरत विचारलं, "आता ती अमेरिकेला जाणार. नवीन फोटो लावला तर? कॅन?"

त्यांनी सवयीने मलाच विचारलं होतं. मी लेकीकडे पाहिलं.

"नो, कोच," ती म्हणाली. "जुना पण काढा, प्लीज."

त्यांनी लगेच स्टूल आणला. ऊन खाऊन बॅनरचा निळा रंग पांढुरका झाला होता. तिचा चेहराही फिका पडला होता, दात तेवढे दिसत होते. त्यांनी दोऱ्या कापल्या, गुंडाळी करून तिच्या हातात दिली. येताना ती गुंडाळी तिने एका बाजूने धरली, दुसरी बाजू मी धरली. वाटेत ती एकदाच म्हणाली, "हेवी आहे, नाही?"

कॉलेजचं उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या दिवसांत मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघत असे, आणि ती फोनकडे. उत्तर आलं तेव्हा हे कामावर होते. तिने मोठ्याने वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. तेव्हा मुलगी लहान होती, तेवढ्यामुळे जागा जात नाही. सरांचं पत्र आमच्याकडे राहील. इथून पुढे मात्र काही घेऊ नये. मी खुर्चीत बसले. तिने मला पाणी आणून दिलं. मिठी वगैरे मारली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने त्या प्रशिक्षक बाईंचा निरोप आला. नव्या मुलींचे त्यांच्या घरच्यांबरोबरचे फोटो कॉलेजच्या पानावर टाकायचे आहेत, चांगला असेल तो पाठवा. लेकीच्या फोनमध्ये आमचा तिघांचा एक होता, खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी काढलेला. त्यात मी हसतेय, डोळे अर्धे मिटलेले, पदरावर चहाचा डाग.

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, हा पाठवू? तू आहेस यात. सगळे बघतील."

मी हात पुसून फोटो बराच वेळ पाहिला. ती घाई न करता उभी होती. मला वाटतं, त्रेचाळीस वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"नको," मी म्हटलं.

"शुअर?"

"हो. नको."

"ओके," ती म्हणाली. तिने तिचा आणि बाबांचा दुसरा फोटो शोधला आणि तो पाठवला.