धावपट्टी तुमचीच आहे

संकटात सापडायचंच असेल तर माणसानं आमच्या भाऊजींच्या आवाजाच्या टप्प्यात सापडावं, आणि दिवस सुखाचे असतील तर त्यांच्यापासून चार हात लांब राहावं, असं माझं ठाम मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साठ सालाच्या आसपास ते नागपूरच्या विमानतळावर, मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगायच्या नोकरीत होते. आमच्या दिग्रसला तेव्हा विमान म्हणजे आभाळातली नुसती घरघर. त्यामुळे एसटीतून धुळीनं माखून उतरणारा हा जावई नेमकं काय करतो, ते आईला कधीच कळलं नाही. "विमानाले हात दाखवतेत," असं ती शेजारणींना सांगायची.

नोकरी त्यांच्या अंगात पार मुरली होती. सांगितलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय ते कुणाला जागचं हलू देत नसत. सासूबाईही त्यातून सुटल्या नाहीत. "भाजी थोडी, पोळी एकच. काय आणाल?" आई पदर सावरत "भाजी थोडी, पोळी एक" म्हणायची आणि चार पोळ्या वाढायची. दोघं एकदम बोलले की भाऊजींचा पंजा वर. आणि आमच्याकडे एकेकट्यानं बोलायची रीतच नसल्यामुळे त्यांचं जेवण नेहमी गार व्हायचं. एकदा शेजारचे मास्तर सायकल पंक्चर झाल्याचं रडगाणं घेऊन आले, तर यांचा पहिला प्रश्न, अडचणीतल्या विमानाला विचारायचा तोच, "सोबत माणसं किती? तेल किती उरलं?"

खुलले की ते एका डकोटा विमानाची गोष्ट सांगत. एक इंजिन बंद, खाली नुसते ढग. भाऊजींनी बाकीच्या विमानांना गप्प केलं, धावपट्टी मोकळी केली, आगीचा बंब उभा केला. "मंग त्याले म्हटलं, घाई करू नका, धावपट्टी तुमचीच आहे. वरतं अडकलेल्या माणसाले लय प्रश्न विचारू नये."

आम्ही हसत ऐकायचो. मग एका उन्हाळ्यात, भाऊजी आलेले असताना, माझे काका पंपाचा पाइप साफ करायला आमच्या विहिरीत उतरले. पायऱ्यांचे दगड निखळले, चष्मा पाण्यात गेला आणि चष्म्यावाचून आंधळे असलेले काका वीतभर कपारीवर भिंतीला चिकटून उभे राहिले. खाली उथळ पाण्यात खडक. काठावर सारा गाव मायेनं ओरडत होता, "दोर धरा!" "दोर नका धरू!" "डावीकडं सरका!" गोंधळून काकांचा पाय सटकायला लागला.

भाऊजींनी पंजा वर केला. का कोण जाणे, गाव गप्प झाला. ते काठावर पालथे झोपले.

"काकाजी, सोबत कोण आहे?"

"इथं काय पंगत बसली हाये? एकटाच हावो!"

"बरं. फेर बांधलेला दोर येते. उजव्या हातानं भिंत धरा, डावा कानाजवळ न्या. लागला?"

"लागला."

"काय लागलं?"

"दोर लागला म्हन्तो ना, जवाईबापू!"

फेर डोक्यातून गेला, डाव्या काखेत बसला. आता उजवा हात फेरातून घालायला भिंत सोडायची होती. काका सोडेनात. भाऊजी मात्र ओरडले नाहीत.

"घाई नाही काकाजी. विहीर तुमचीच आहे. मी इथंच आहो."

भाऊजी दोर सैल धरून तसेच पडून राहिले. मग खालून बारीक आवाज आला, "हात सोडून राह्यलो."

काका वर आले आणि चिखलानं भरलेले तसेच भाऊजींच्या गळ्यात पडले. भाऊजींनी त्यांना धरून त्यांचं तोंड नीट पाहिलं.

"विमान उतरलं की सारे आपापल्या घरी जातेत," ते पुटपुटले. "इतक्या वर्षांत कोनाचं तोंड नाही पाह्यलं मी."

दोघंही आता नाहीत. त्यांची आठवण आली की जीव हळवा होतो. त्या दिवशी काका संकोचून म्हणत होते, "सोडा जवाईबापू, कपडे खराब होतेत." भाऊजींनी त्यांना सोडलं नाही, आणि काठावरच्या एवढ्या माणसांपैकी कुणीही त्यांना घाई केली नाही.