दुसऱ्या साक्षीदाराची सही

गनीभाई तीस वर्षं नगरच्या कोर्टात कारकून होते. रिटायर झाले आणि सावेडीकडच्या आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी होऊन बसले. घरं सगळी बावीस, पण थाट असा की जणू हायकोर्टच! टाचणी तिरकी लागलेलीसुद्धा त्यांना खपायची नाही. लोक पाठीमागं हसायचे, आणि अडलं की त्यांच्याच दारात यायचे.

एकाहत्तर साली एका संध्याकाळी सात नंबरच्या घरातला यष्टीचा ड्रायव्हर कानिफनाथ आला. सोसायटी निघाली तेव्हा गडी सडाफटिंग होता. आपल्यामागं घर कुणाला, या रकान्यात त्यानं भावाचं, गोरक्षचं नाव घातलेलं. आता लग्न झालं होतं, भावाशी बोलणं तुटलं होतं, आणि तिथं त्याला बायकोचं, बनुबाईचं नाव हवं होतं.

अर्ज चोख होता. साक्षीदार दोन लागायचे, सही एकाचीच होती.

"दुसरी तुमीच ठोका की, गनीभाई. पहाटं मला गाडी हाय."

"सेक्रेटरीनं साक्षीदार व्हायचं नसतं. उद्या कुणी हरकत घेतली म्हणजे?"

"तुमी म्हंजे लई कायद्याचे!" अर्ज खिशात घालून कानिफनाथ हसत गेला. चौथ्या दिवशी डेपोत त्याच्या छातीत कळ आली आणि तो जागेवरच गेला. अर्ज तसाच राहिला.

कमिटीनं जुन्या कागदाप्रमाणं घर गोरक्षच्या नावावर चढवलं. ठराव गनीभाईंनीच लिहिला. कोर्टात जा, असं बनुबाईला कुणी कुणी म्हणाले. पण तिच्या पाठीशी होतं कोण? महिन्याभरात गोरक्षनं तिला बाहेर काढलं. ती काष्टीला माहेरी गेली.

मग गनीभाईंनी सहकार खात्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. अहो, आधी विचारायचं ना! पण सगळं येतं म्हणणाऱ्याला सांगणार कोण? साहेबांनी नियम उघडून दाखवले. सेक्रेटरीनं साक्षीदार होऊ नये, असं कुठंच नव्हतं. त्या दिवसापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागेना.

शेवटी सगळं कबूल करायचं ठरवून त्यांनी काष्टी गाठली. बनुबाईनं चहा दिला आणि समोर बसली.

"चाचा, एक इचारू? तुमी सही केली असती, तर चाललं असतं का वो? ह्याच इचारानं डोळ्याला डोळा लागत न्हाई."

गनीभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"नाही बेटी," ते म्हणाले. "कायद्यात बसतच नव्हतं."

"मग मी उगंच तुमच्यावर राग धरला," ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.