लेप्याचं डोकं

तर ट्रक दाराशी उभा होता, इथवर काल आलो होतो. ट्रकमध्ये लोखंड कापणारा अराल्स्क शहरातला माणूस, वाळूत उलबिकेची होडी, आणि होडीसमोर तिचा थोरला दीर झोलबारीस, कमरेवर हात ठेवून, जणू कापायला मेंढी निवडतोय.

"समुद्र मेला," तो म्हणाला. "होडी आता भंगार. आज कापून नेतो."

"तुमच्या भावाची आहे ती."

"भाऊ गेला. भावाची वस्तू भावाची."

सोबत त्याने मिनबाय आजोबांना आणलं होतं, कुळात वयाने सगळ्यांत मोठे. त्यांच्या तोंडून एकदा 'ने' निघालं की पुढे कुणी ब्र काढायचा नाही. नवऱ्यामागे उलबिकेचं पोट त्या होडीवर. होडी वाचवायची तर म्हाताऱ्याचं तोंड वळवायला हवं, आणि ते कशाने वळतं हे गावाला ठाऊक होतं.

"आधी आत या, आजोबा. माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही. भाऊजी, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

रीत अशी, की मोठ्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं ठेवायचं. ते त्याने खाल्लं, तळवे पसरून घराला आशीर्वाद दिला, की मग त्या घरातली काडीही त्याला हलवू देता येत नाही. पण उलबिकेकडे मेंढी कुठली? तिने तळलेला लेपा मासा आणला आणि त्याचं डोकं म्हाताऱ्याकडे करून ताट मांडलं.

लेपा गावात कुत्र्यालाही घालत नसत. पाणी खारट होत गेलं तसा स्टर्जन संपला, कार्प संपला, उरला हा एकटा: चपटा, एक बाजू वाळूच्या रंगाची, दुसरी पांढरीफटक, दोन्ही डोळे एकाच बाजूला. अझोवच्या समुद्रातून आणलेली त्याची पिल्लं इथल्या अराल समुद्रात ओतली होती ती उलबिकेच्याच नवऱ्याने, सांदिबेकने. सरकारी नोकरी होती बिचाऱ्याची. पण लोक म्हणत, याने डबे ओतले आणि समुद्र विटला. त्या रागापायी विहिरीवर उलबिकेला कुणी पुढे होऊ देत नसे.

"वडीलधाऱ्यापुढे हे तिरळं थोबाड?" झोलबारीस कडाडला. "अपमान करतेस?"

"जन्मतो तेव्हा त्याचेही डोळे तुमच्यासारखेच असतात, भाऊजी, दोन बाजूंना दोन. नखाएवढा झाला की एक डोळा सरकतो. मग आडवा होऊन तळाला पडतो, अंगावर वाळू ओढून घेतो."

"लबाड जात."

"जगलेली जात. तुमची जाळी वरच्या पाण्यात लटकणार, हा खाली निजलेला. मी माझं जाळं तळाला सोडते. जाळी रिकामी येतात आणि तुम्ही घरी बसून समुद्राचं सुतक पाळता."

बाहेर ट्रकवाला फिस्सकन हसला. झोलबारीसचे कान लाल झाले.

"आजोबा, उठा," तो म्हणाला.

आजोबांचं लक्ष ताटात. त्यांनी गालाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"मऊ आहे," ते म्हणाले. दात नसलेल्या माणसाला याहून मोठी स्तुती सुचत नाही. पुढे डोकं त्यांनी असं साफ केलं की मांजर आलं असतं तर रडत गेलं असतं. "डोळा जवळच्या माणसाला द्यायचा असतो. पण हे दोन शेजारी शेजारी बसलेत, वेगळे कशाला करा?" म्हणत दोन्ही स्वतःच खाल्ले. मग तेलकट तळवे पसरून घराला आशीर्वाद दिला, होडीचं नाव घेऊन.

"एका माशावर फिरलात, आजोबा."

"मेंढी आणली असतीस तर तुझ्या बाजूने फिरलो असतो. तू तर रिकाम्या हाताने आलास."

आता ट्रक रिकामाच जाणार हे कळलं, तसा झोलबारीस दारात वळला. जाता जाता डंख मारायचाच होता त्याला.

"मासेखात्याच्या सरकारी माणसाकडून मीही ऐकलंय. या लेप्याची अंडी खाऱ्या पाण्यावर तरंगतात, गोड्यात बुडून कुजतात. उद्या नदीचं पाणी परत आलं की तुझा तिरळा खलास. तेव्हा काय करशील?"

उलबिके ताट पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तेव्हा कार्प परत येईल. वरच्या पाण्यात जाळं लावीन, भाऊजी. तुम्ही याल तेव्हा स्वतःची होडी घेऊन या."