मशीनला लागलं का बघा

"आधी मशीनला लागलं का बघा."

मॅनेजरसाहेब धावत आले आन् पहिलं हे बोलले. ठकूमावशी फरशीवर बसलेली. उजवा हात कोपरापास्नं बोटापतुर गरम रश्श्यानं भाजलेला. साहेब तिला वलांडून गेले. खिशातला रुमाल काढून रोबोटची काच पुसाया लागले.

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं ते रिसॉर्ट. म्या नऊ वर्सं तितं जेवान वाढलं. मावशी वरच्या धनगरवाड्यावरनं चालत यायची, उष्टी ताटं उचलायची. टेबलापतुर जेवान नेनारी मशीन आली तवा आमीच तिला हळदीकुंकू लावलं. मावशी म्हनली, "बरं झालं बाई, माजं गुडघं वाचलं." पावन्यांची पोरं मशीनला थँक्यू म्हनायची. आमाला न्हाई. तेबी आमी हसून घेतलं.

मग तिचं चाक बिघडलं. मधीच थांबायची, मधीच मुसंडी मारायची. म्या साहेबांना सांगितलं. "शनिवार-रविवार निघू दे," म्हनले. रविवारी दुपारी ती मावशीच्या अंगावर आली.

नळाखाली हात धरून म्या मावशीला हापिसात नेलं. दवाखान्याच्या आधी कागद तयार. मी दहावी शिकलेली, म्हनून वाचाया माज्याकडं दिला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे मी मशीनच्या वाटेत आले.’ खाली मावशीच्या अंगठ्याला जागा. त्याखाली साक्षीदार म्हनून माज्या सहीला.

म्या शबुद न् शबुद वाचून दाखवला. "मावशी, हे खोटं हाय. अंगठा देऊ नगा."

तिनं माज्याकडं बघितलं न्हाई. "घरी बसून काय करू गं?" म्हनली. डावा अंगठा आपल्याच हातानं शाईवर टेकवला.

साहेबांनी पेन माज्याम्होरं धरलं. "आवर. दवाखान्यात न्यायला गाडी थांबलीय."

"सही न्हाई केली तर गाडी जानार न्हाई का, साहेब?"

साहेबांनी पेन माज्या हातात कोंबलं.

म्या पेन खाली ठिवलं. मावशीला धरून रस्त्याव आनलं, दुधाचा टेम्पो थांबवला, वेल्ह्याला दवाखान्यात नेलं. वाटंत मावशी रडत व्हती. म्या हातावर फुकर घालाया लागले. तिनं हात वढून घेतला. "माजं काम घालवलंस तू," म्हनली.

काम दोघींचं गेलं. तिची दोन बोटं आता सरळ व्हत न्हाईत. बाजारात म्या दिसले की ती वाट बदलती. आईच्या मागं मला त्याच बाईनं माया लावली व्हती.

त्याच आठवड्यात म्या तहसील कचेरीत गेले. जे घडलं ते माज्या अक्षरात लिहून दिलं, पोच घेतली. कारकून म्हनला, "बोलावलं तर तहसीलदारसाहेबाम्होरं उभं राहून सांगावं लागंल. मावशी उलटी बोलली तर?"

बोलू दे. तिच्या पोटाचा सवाल हाय, मला तिचा राग न्हाई. पन मशीन बिघडली व्हती, आन् मॅनेजरसाहेबाला ठावं व्हतं. म्या येकटी पडले तरी हेच सांगनार. जितक्यांदा बोलावतील तितक्यांदा.