बागेची राखण

नवापूरकडची पार्वती गावित लग्न होऊन सुरतजवळच्या सचिन गावी आली, तेव्हा चाळीमागच्या खाडीत बगळे उतरत. नवरा सखाराम कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. दर रविवारी जवळच्या उधन्यात भाड्याच्या खोलीत ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना भरे आणि बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, समजावून सांगायचं काम पार्वतीकडे असे. त्यातही जगाच्या उत्पत्तीचा भाग तिच्या आवडीचा. मासे, पाखरं, जनावरं, सगळं देवानं माणसाच्या हाती दिलंय, असं ती वर्षानुवर्षं ठासून सांगत आली होती.

यंदा बगळे आले नाहीत. मग बेडूक गप्प झाले. खाडी कधी जांभळी दिसे, कधी हिरवी. पाण्यावरून वाफ निघे आणि चाळीतली कुत्री काठ टाळून लांबून जात.

एका रविवारी तोच भाग वाचताना पार्वती अडखळली. उजेड, पाणी, झाडं, मासे, सगळ्याला देव चांगलं म्हणाला होता, आणि माणूस तर अजून घडलाच नव्हता.

"म्हणजे आपल्यावाचून काही अडलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आणि पुढे तर माणसाला बाग राखायला ठेवलंय. राखणदार काही मालक नसतो."

खोलीत कोणी आमेन म्हटलं नाही. नंतर पाळक योगराजनी तिला बाजूला घेतलं. "ताई, निम्मी मंडळी मिलवर जगतात. जपून बोला."

घरी जेवताना तिनं सखारामला विचारलं, "मिलच्या घाण पाण्याचा खाडीतला पाइप कोण सोडतं?"

"मीच. शेठ सांगतात तेव्हा."

"आता नका सोडू."

"मी नाही सोडला, तर दुसरा सोडेल."

तरी त्यानं तिचं ऐकलं. शेठनं त्याला पॅकिंगला धाडलं आणि पाइपावर शेजारच्या खोलीतल्या लोटूला बसवलं. आठवडाही सरला नाही, तोच बाहेरून आलेल्या एका रसायनाच्या टँकरचं पाणी सोडताना असा काही वास उठला की लोटू जागीच कोसळला. तो जगला, पण नजर गेली.

पार्वती पेज घेऊन गेली, तेव्हा लोटूनं आवाजावरून तिला ओळखलं. "वहिनी, सखारामभाऊला ठाऊक होतं का? म्हणून सोडलं का त्यानं ते काम?"

वाटी त्याच्या हातात देऊन ती बसून राहिली.

पाइप चालूच आहे. रविवारी आता वाचन दुसरी बाई करते. दिवस कलून वास सुटला की चाळीतल्या बायका खिडक्या लावून घेतात.