पडलेला रुपया, पडणारा रुपया

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगावं तर तिचाही त्यात वाटा निघेल, आणि — नाही, वाटा माझ्या एकट्याचाच. तुला सांगतो. तू नुसतं ऐक.

माझी थोरली बहीण, ताई, कुवेतला नर्स होती. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली तिची. मी इथे लालबागला, वडिलांच्या गिरणीच्या दिवसांतल्या खोलीत, आणि नोकरी फोर्टात — बँकेच्या परकीय चलन विभागात. मग घरात माझा काय थाट विचारतोस! ताईचा फोन आला की आमच्या मालवणीत पहिला प्रश्न, "बाबू, रुपयो पडलो काय रे?" जसा काही मीच तो पाडतो.

ऑफिसात एक गोष्ट मी रोज बघायचो. रुपया पडून स्थिरावला, की परदेशी कंपन्या पैसा घेऊन धावत येतात — तेवढ्याच डॉलरात इथली जमीन, इथला कारखाना जास्त मिळतो. पण रुपया पडत असला, की त्याच कंपन्या उंबऱ्यावर थबकतात. आज आणलेला पैसा उद्या हलका झाला तर? पडलेला रुपया बोलावतो, पडणारा थांबवतो. मला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर वापरता आलं.

आमच्या शेजारचे काका खोली विकून गावी निघाले. ताईला कळवलं, तर काय आनंद झाला तिला! दिनार पाठवते, खोली घेऊन टाक, वर्षभरात कायमची येते — भिंतीपलीकडून भांडू आपण, म्हणाली. रुपया तेव्हा पडून नीट स्थिरावला होता. तिच्या पैशांत खोली आरामात बसत होती.

मी म्हणालो, "थांब गो ताई, रुपयो अजून पडतलो."

का? आता ओठावर आलंच आहे, तर — ताई आली असती, तर दर महिन्याचे दिनार बंद झाले असते. पोरीची इंजिनिअरिंगची फी, नवा फ्रीज, माझी चाळीतली ऐट, सगळं तिच्या तिथे असण्यावर चालायचं. आमच्या घरातली परदेशी गुंतवणूक म्हणजे ताई. ती काढून घेतलेली कुणाला आवडते? माझी सख्खी बहीण घरी येऊ नये, असं मला वाटलं. झालं. सांगितलं.

नंतर दोनदा विचारलं तिने. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. आणि लेकाचा रुपया खरंच पडत गेला! पण रुपया बोटभर पडला, तर खोलीचा भाव हातभर वाढला — इथे टॉवर येणार, येणार म्हणून. शेवटी एका दलालाने घेतली. कुलूपच असतं तिला.

ताई परतली ती साठी उलटल्यावर, नालासोपाऱ्यात, भाड्याच्या खोलीत. रविवारी बांगडे घेऊन येते. शेजारच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून जेवायला बसते. परवा माझ्या जावयाला सांगत होती, "पैशाचं काही असलं तर आमच्या बाबूला विचारा, जावईबापू. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. त्याने थांबवलं म्हणून, नाहीतर माझे दिनार स्वस्तात गेले असते."

मी "हो" म्हणालो. आणि तिच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.