पालथा गेअरबॉक्स

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कोणी नावं ठेवायला नको. त्या श्रावणात तर एक अख्खा दिवस ते तापलेलंच होतं, आणि तोंड मात्र बंद.

महाराष्ट्र व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचे हे म्हणजे तांड्यातले पहिले मोटार मिस्त्री. बोरी अरबला बाजाराच्या कडेला टिनाचं शेड होतं, त्याच्याच मागच्या खोलीत आमचा संसार. सासरे तांड्यात राहायचे, दोन कोसांवर. त्यांच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर व्यापार केलेला. सासऱ्यांनी मात्र जमीन धरली, पऱ्हाटी म्हणजे कापूस लावला. मुलगा रान सोडून तेलकट हातांनी फिरतो हे त्यांना मुळीच पटत नव्हतं. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, पण इथं आमचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते.

यांना कोणीतरी लढाईच्या आधीची एक विलायती मोटार देऊन टाकली होती. इंजिन ठणठणीत, पण गेअरबॉक्सचे दात पार गेलेले. तसा गेअरबॉक्स मुंबईतही मिळेना. मग नागपूरहून एका मोडक्या मिलिटरी जीपचा गेअरबॉक्स यांनी पोत्यात बांधून आणला. "त्याच्या इंजिनाले याचा गेअरबॉक्स लावतो," म्हणाले. लोक हसले. कोणी म्हणालं, बैलाच्या धडाले रेड्याचे पाय लावून राह्यला.

सासऱ्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. "तीज बोळवायच्या दिवशी गाडी तांड्यात आली पायजे. नाही आली, तर शेडाले कुलूप, आन् तू औतामागं."

तीज म्हणजे आमच्या पोरींनी श्रावणात दुरडीत उगवलेले गहू, नऊ दिवसांनी गाणी म्हणत पाण्यात सोडायचे. औतामागं म्हणजे मीही तांड्यात. चार जावांत पाचवी! शेडात मी नटबोल्टांचे पाने ओळखायला शिकले होते, प्लग घासून द्यायचे, यांच्याशी भांडायचे, वाटेल तेव्हा हसायचे. मला ते शेड जिवापाड आवडत होतं. ते जाणार या विचारानं घास गोड लागत नव्हता.

काम मात्र झपाट्यानं पुढं सरकत होतं. जीपच्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग काढून यांनी मोटारीच्या क्लच प्लेटवर रिव्हेट मारून बसवला. गेअरबॉक्सचा दांडा इंजिनात जिथं टेकतो तिथली कडी, म्हणजे बुश, एका कापसाच्या जिनिंगमधल्या लेथवर कातून आणला. राहिली ती एकच गोष्ट. इंजिनाची भोकं आणि गेअरबॉक्सची भोकं एकमेकांसमोर येत नव्हती. म्हणून दोघांच्या मधे जाड लोखंडी प्लेट घालायची, एका अंगाला इंजिन कसायचं, दुसऱ्या अंगाला गेअरबॉक्स. भोकांचं माप घ्यायची यांची रीत साधी होती. ग्रीस फासलेल्या लोखंडावर कागद दाबायचा, छापा उठतो. एक कागद इंजिनाचा, एक गेअरबॉक्सचा.

तीज चार दिवसांवर आली, त्या दिवशी बाजारहाट आटोपून सासरे शेडात आले आणि खाटेवर बसले. हातात विडी. लोहार बरमा घेऊन तयार. यांनी दोन्ही कागद काळी बाजू वर करून प्लेटच्या एकाच अंगावर चिकटवले.

मी दारातून पाहिलं आणि चूक लगेच दिसली. दोन बाह्या बेतताना एक कापड उलटं करावं लागतं, नाहीतर दोन्ही डाव्याच निघतात, हे कांचळी, म्हणजे आमची चोळी, शिवणाऱ्या कोणत्याही पोरीला कळतं. इथं तर इंजिन आणि गेअरबॉक्स तोंडाला तोंड लावणार होते. एक कागद उलटा हवा होता!

पण बोलू कशी? आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावरची ओढणी हनुवटीपर्यंत, आणि नवऱ्याशीसुद्धा ब्र काढायचा नाही. दोन वर्षांत माझा आवाज त्यांच्या कानी पडला नव्हता.

मी खोकले. हे म्हणाले, "ठसका लागला का? पाणी पे."

मी बांगड्या वाजवल्या. हे म्हणाले, "बापूले च्या पायजे म्हणते वाटते. ठेव बाप्पा, ठेव."

चहा ठेवला. कपबशी देताना यांच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून. "अवं, पाहून चाल ना!" हे ओरडले आणि पुन्हा प्लेटवर वाकले. मी तळहात उलटा-सुलटा करून दाखवला. यांना वाटलं, भाकरी कधी टाकू विचारते. "टाक ना आता. कायले इचारतं?" लोहारानं बरम्यावर छाती टेकवली. करकर आवाज येत राहिला, एकेक भोक पडत गेलं, आणि मी चुलीपुढं बसून भाकऱ्या अशा थापल्या की शेजारीण विचारायला आली, कोणाले मारून राह्यली.

रात्री सासरे शेडातच निजले, हेही त्यांच्या शेजारी, म्हणून तेव्हाही बोलायची सोय नव्हती. सकाळी प्लेट इंजिनाला कसली. अगदी बरोबर बसली. मग यांनी आणि लोहारानं गेअरबॉक्स उचलला, लावून पाहिला, फिरवला, पुन्हा लावला. तो बसला, पण पालथा. गेअरचा दांडा खाली जमिनीकडं! प्लेट उलटी केली, तर गेअरबॉक्स सरळ बसला आणि इंजिनाची भोकं चुकली. सासरे खाटेवरून उठून वाकून पाहायला लागले.

"गेअर टाकाले काय गाडीखाली निजशील?" म्हणाले, आणि पोट धरून हसले. जाताना मात्र दारात थांबून बोलले, "तीन दिवस राह्यले."

ते रस्त्याच्या वळणाला गेले, आणि माझी ओढणी मागं गेली. जे काय तोंडाला आलं ते लिहिण्यासारखं नाही. लोहारानं विडीचं निमित्त काढून पळ काढला. "डोळे फुटले का तुमचे? काल माहीत होतं मले! खोकून खोकून घसा फाटला माह्या!" मी माझी कांचळी आणून त्यांच्या पुढ्यात फेकली, एका बाहीवर दुसरी बाही ठेवून दाखवली. हे बाह्यांकडं पाहत राहिले. मग कागद उचलला, उलटा केला, प्लेटवर ठेवला. "आता बोलतं का तू?" एवढंच म्हणाले, आणि दोघंही इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि तो तितकाच आवडला होता.

कागद या वेळी मी चिकटवला. नवी चार भोकं पडली, जुनी चार तशीच राहिली. प्लेटची चाळणी झाली, पण गेअरबॉक्स सरळ बसला. गाडीच्या तळात भोक पाडून गेअरचा दांडा वर काढला. तिजेच्या दिवशी दुपारी यांनी पहिला गेअर टाकला. गाडी जरा थरथरली आणि सरळ पुढं निघाली. मी मोठ्यानं ओरडले, बाजारातली माणसं वळून पाहायला लागली, पाहू देत!

तांड्याच्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल. बैलगाड्या फसलेल्या. जीपचा पहिला गेअर मोठा ताकदीचा, गाडी हळू पण न थांबता चढ चढली. तांड्यात पोरी डोक्यावर गव्हाच्या हिरव्या रोपांच्या दुरड्या घेऊन निघाल्याच होत्या. गाणं मधेच थांबलं, सगळ्या गाडीभोवती. मी पटकन ओढणी ओढून खाली उतरले.

सासरे आले. गाडीला फेरी मारली, गुडघे टेकून खाली डोकावले. "हे चार भोकं रिकामे काहून?"

यांना काहीही सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "ते माह्यी चूक, बापू. इनं आधीच पाह्यली होती. तुमच्यासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून खोकून राह्यली होती. मले समजलं नाही. मंग इनंच कागद उलटा केला."

मी ओढणी आणखी खाली ओढली. सासरे कपडे झटकत उठले आणि यांना ओलांडून माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "गाडी तं आली. पण पुढचं याले इचारलं तर हा व्हयच म्हणन. म्हणून तुले इचारतो. याचं शेड चालंल का? तू सांग. तू नाही म्हटलं, तर उद्या याले औतामागं धाडतो."

त्या दिवशी शेडात मी बोलायला तडफडले होते, आणि आता ते स्वतःच मला बोलायला सांगत होते. यांनी खाली पाहिलं. सासरे वाट पाहत थांबले, घाई न करता, चारचौघांत.

"चालंल, बापू," मी म्हणाले. "चांगलं चालंल."